बिनफवाऱ्याचे दोन गुंठे

आमच्या घरात भाजीपाल्याचं वेड शिरलं ते वांग्यांच्या एका पिशवीमुळे.

आमचं गाव तापीच्या काठावर, सारंगखेड्याहून फार लांब नाही. जमीन काळी, पाण्याची सोय चांगली. केळी, कापूस, अधूनमधून ऊस. मी मूळची धुळ्याची. वडील नोकरीतले, घर दुसऱ्या मजल्यावर आणि शेती म्हणजे गॅलरीतली तुळस. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या होत्या, "मजा आहे तुझी, रोज ताजी भाजी खुडून खाशील." मलाही तसंच वाटलं होतं. सासरी आल्यावर कळलं की एवढ्या मोठ्या शेतात भाजीची एक काडी नाही. कोथिंबीरसुद्धा शहाद्याच्या बाजारातून यायची, नवऱ्याच्या मोटारसायकलच्या हँडलला लटकून. दोन्ही बाजूंना हिरवीगार केळी, मधून वाट काढत घरी यायचं आणि पिशवीतून सुकलेली मेथी बाहेर काढायची, हे मला बरीच वर्षं विचित्र वाटत राहिलं. मग सवय झाली.

सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. आबांच्या लेखी पीक म्हणजे जे ट्रकमध्ये भरलं जातं ते. टोपलीत मावणारी गोष्ट त्यांना शेती वाटायचीच नाही. सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे म्हणे अंगणात वालाचा मांडव होता, कुडावर दोडकी चढायची आणि लेकीबाळींनी शाळेतून आल्यावर आधी भाजी तोडायची. हे त्या सांगायच्या, पण एखाद्या जुन्या लग्नाची गोष्ट सांगावी तसं. पुन्हा लावावी असं त्यांच्याही मनात येत नसावं.

तर, उन्हाळा संपत आला होता. आबा एका सकाळी घरी आले ते वांग्यांनी टम्म भरलेली पिशवी घेऊन. त्यांच्या एका जुन्या मित्राने त्या वर्षी वांगी लावली होती आणि प्रेमाने दिली होती. चकचकीत वांगी, एकावरही डाग नाही. आबा खुशीत होते. "आज भरीत करा," म्हणाले. आईंनी पिशवीत हात घातला, एक वांगं काढलं, नाकाशी नेलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हाई काय वास शे?"

"वांगासना. दुसरा काय?" आबा म्हणाले.

"वांगासना नही. कपाशीना शे."

मीही वास घेतला. खरंच, कपाशीवर फवारणी झाली की संध्याकाळी गावभर जो तिखट, डोक्यात जाणारा वास पसरतो, तोच. आईंनी पिशवी उचलली, गोठ्यामागे गेल्या आणि सगळी वांगी उकिरड्यावर ओतून आल्या.

आबांचा चेहरा पडला. मग लाल झाला. "मन्हा दोस्तनी दिन्हात, आन् तू उकिरडावर फेकी ऱ्हायनी?"

"मन्हा चुलावर नको हाई."

"मंग लावा ना तुम्हीच दोन्हीजनी! बिगर फवाराना पिकाडी दाखाडा."

या भांडणात मी कुठून आले ते मला कळलं नाही. मी नुसती दारात उभी होते. पण आईंनी आबांवरची नजर न काढता म्हटलं, "लावसूत." आणि मग माझ्याकडे वळून, "लावसूत ना व पोरी?"

मी मान हलवली. आमच्या घरात तोवर सासू-सून एका बाजूला आणि सासरे दुसऱ्या बाजूला असा डाव कधी पडलाच नव्हता. मला तो एकदम आवडला.

आबांनी जागा दिली ती विहिरीजवळची. दोन गुंठ्यांचा एक वाकडा तुकडा, जिथे ट्रॅक्टर वळत नाही म्हणून कधी काही पेरलं नव्हतं. दगड, हराळी, बोरीचं एक झुडूप. नवरा शहाद्याला कामावर जाताना गाडी थांबवून म्हणाला, "भाजीआधी यातून किल्ला निघेल." आम्ही दोघींनी दगड वेचले, ते बांधाला लावले. हराळी काढता काढता हातांना फोड आले. पण गंमत अशी की आईंचे हात मातीत गेले आणि त्यांच्या अंगात कोणी तरी दुसरीच बाई आली. एरवी गुडघे धरून उठणाऱ्या आई वाफ्यांच्या कडेने उकिडव्या बसून सरकत राहायच्या. वाफा किती रुंद, तर आपला हात मधोमध पोचला पाहिजे, आत पाय पडता कामा नये. ते कोणी शिकवलं, विचारलं तर म्हणाल्या, "कोणी नही. हात तितलाच शे."

खताला गोठा होताच. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून जीवामृत केलं: शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. बेसन पाण्यात ओतताना आई हळहळल्या. म्हणाल्या, याच्यात पिठलं झालं असतं.

पहिल्या पावसाळ्यात आम्ही जे हौसेने लावलं ते बहुतेक सगळं किडीने हौसेने खाल्लं. मिरचीची पानं चुरडून द्रोणासारखी झाली, कारण शेजारच्या कपाशीवरची पांढरी माशी उडून थेट आमच्याकडे मुक्कामाला यायची. वांग्याचे शेंडे एका सकाळी माना टाकून उभे दिसले. शेंडा चिरला तर आत अळी, गुलाबी, गुटगुटीत. मग मी दशपर्णी अर्काचा ड्रम भरला. कडुनिंब, निरगुडी, रुई, करंज, सीताफळ, पपई, असा दहा झाडांचा पाला गोळा करून पाण्यात, गोमूत्रात आणि शेणात कुजत घालायचा आणि रोज ढवळायचा. ढवळण्याचं काम माझं. काही दिवसांतच त्या ड्रमचा असा वास सुटला की आबा मागच्या दाराने येणं बंद करून वळसा घालून पुढच्या दाराने येऊ लागले. केळी भरायला आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने मला बाजूला घेऊन गंभीरपणे विचारलं, "ताई, मागे काही मेलंय का?"

अर्काने थोडा फरक पडला, फार नाही. मिरची गेली ती गेलीच. वांगी निम्मी आमची, निम्मी अळीची. पण भेंडी तरली, आणि गिलक्यांनी मात्र कमाल केली. वेल बोरीच्या झुडपावर चढला, तिथून विहिरीच्या कठड्यावर उतरला आणि जिथे पाहावं तिथे गिलकी लोंबायला लागली. पहिल्या दिवशी आईंनी दाण्याचं कूट घालून भाजी केली. आबांनी निमूटपणे जेवण केलं. आम्ही दोघी त्यांच्या ताटाकडे बघत होतो. शेवटचा घास झाल्यावर म्हणाले, "मीठ कमी शे." आईंनी मला कोपराने ढोसलं. नंतर स्वयंपाकघरात म्हणाल्या, मीठ कमी आहे म्हणाले, याचा अर्थ बाकी सगळं बरोबर आहे. आणि हसू दाबायला पदर तोंडात कोंबला.

दिवाळीच्या सुट्टीत नवऱ्याने मित्राची गाडी मागून आणली आणि आम्ही चौघं तोरणमाळला गेलो. घाट चढून वर पोचलो. आबांना तलाव बघायचा होता. पण तलावाच्या अलीकडेच, रस्त्याकडेच्या एका घराच्या छपरावर वालाचा वेल पसरला होता. जांभळी फुलं, आणि शेंगा तर मुठीमुठीने. आई ओरडल्या, "थांब, थांब!" गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडून उतरल्यासुद्धा.

घरातून एक बाई बाहेर आली. तिची बोली पावरी, आमच्यातल्या कोणालाच ती येत नव्हती. तिला आमची येत नव्हती. आईंनी शेंगेला हात लावला, मग खाली वाकून बोटाने माती उकरल्यासारखं केलं, बी टाकल्यासारखं केलं, हाताने वेल वर चढवला आणि शेवटी हात जोडले. ती बाई इतकी हसली की तिला दाराचा आधार घ्यावा लागला. आत गेली आणि सुकलेल्या भोपळ्याचा तुंबा घेऊन आली. त्याचं बूच काढून तिने आईंच्या ओंजळीत राखेत ठेवलेलं बी ओतलं. वालाचं, आणि थोडं काकडीचं. आई गाडीकडे धावल्या आणि प्रवासात खायला घेतलेली केळ्यांची अख्खी फणी तिच्या हातात दिली. दोघी एकमेकींशी आपापल्या बोलीत बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या, ते दोघींनाच ठाऊक. आबा गाडीत बसून म्हणत होते की लोक तोरणमाळला तलाव बघायला येतात, आपण शेंगा बघायला आलो. तलाव शेवटी बघितला, पण अंधारून आल्यावर.

त्या बियांचा वाल आमच्याकडे नुसता माजला. केळीला टेकू द्यायचे जुने बांबू उभे करून आम्ही मांडव केला. थंडीत फुलं आली, कोवळ्या शेंगा धरल्या, आणि मग एके दिवशी मावा आला, रस शोषणारी बारीक काळी कीड. बघता बघता कोवळे शेंडे, फुलांचे दांडे, शेंगा, सगळं काळं झालं. बोट लावलं तर चिकट. आम्ही राख उडवली, निंबोळीचा अर्क मारला. मावा कमी व्हायचा, पुन्हा यायचा. आई जेवताना बोलेनाशा झाल्या. ते आबांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन विहिरीकडे गेले तर आबा मांडवासमोर उभे. पाठीवर फवारणीचा पंप, हातात नळी. त्यांना त्यात आमची हार वगैरे दाखवायची नव्हती, हे मला आजही खात्रीने वाटतं. बायकोचा चेहरा उतरलाय, त्यावर त्यांना येत असलेला उपाय ते करायला आले होते. पण आई त्यांच्याआधी तिथे पोचल्या होत्या. मांडवाच्या आत, शेंगांमध्ये उभ्या.

"ओ, पंप खाले ठेवा."

"आख्खा वेल काया पडी गया. एकच डाव मारस."

आईंनी डोक्यावरची एक शेंग तोडली. माव्याने भरलेली. पदराला पुसली न पुसल्यासारखी केली आणि कचकन दाताने तोडून चावायला लागल्या.

"मारा," त्या तोंडात घास ठेवून म्हणाल्या. "तुम्ही मारा, मी खाई ऱ्हायनू."

"येडी व्हई गई का तू?"

आईंनी दुसरी शेंग तोडली.

मग त्यांनी पंप उतरवला, दणकन खाली ठेवला आणि विहिरीच्या कठड्यावर आमच्याकडे पाठ करून बसले. मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मग जे दिसत होतं तेच मी बोलले. कठड्याला लागून एक वेल होता आणि त्यावर लाल, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे फिरत होते, हरभऱ्याच्या डाळीएवढे.

"आबा, हे बघा, हे आलेत."

"त्या बी किडाच शेतस ना?"

"हो, पण हे मावा खातात."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मांजर दूध राखतं म्हटलंय. पण चहा पिता पिता ते थोडे वाकले. मग चष्मा कपाळावर चढवला आणि आणखी वाकले. ढालकिडा एका शेंड्यापाशी थांबला. एक मावा धरला. खाल्ला. दुसरा धरला. आबांचा चहा कपात तसाच राहिला आणि त्यावर साय धरली.

"ए, देख! खाई ऱ्हायना हाऊ!"

आई शेंगा चावायच्या थांबल्या आणि बाहेर आल्या. आम्ही तिघं त्या एका वेलाशी डोकी लावून उभे. आबा हळूच म्हणाले, आयुष्यभर फवारे मारले, पण हे कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कसं, म्हणाले, आम्ही पहिल्या फवाऱ्यातच यांनाही मारत होतो. त्यात खंत फार नव्हती, नवल जास्त होतं. सर्कशीत पहिल्यांदा गेलेल्या माणसाचं असतं तसं.

त्या दिवसापासून आबांची रोजची सकाळ मांडवात. आता वेलावर काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, मगरीच्या पिल्लांसारख्या अळ्या दिसू लागल्या होत्या. आई त्या वेचून टाकायला निघाल्या तर आबा ओरडले, "हात नको लावू! ढालकिडासना लेकरं शेतस." रस्त्याने जाणाऱ्या माणसाला ते बोलावून आणायचे आणि ढालकिडा दाखवायचे. वांगी देणारे मित्रही आले, बराच वेळ बघत राहिले, आणि जाताना वालाच्या शेंगा घेऊन गेले. मावा पूर्ण गेला नाही, पण शेंगा भरल्या. आमच्याच्याने खाऊन संपेनात एवढ्या.

मग उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे दुपारी कावळासुद्धा केळीच्या पानाखालून बाहेर येत नाही. कोथिंबीर उगवली की दुपारपर्यंत आडवी व्हायची. काकडीची पानं कागदासारखी. आबा म्हणाले, शेडनेट आणू. आई म्हणाल्या, पेटीत एवढ्या साड्या पडल्यात त्या कशासाठी? लग्नांत, बारशांत, वास्तुशांतीत मिळालेल्या साड्या. नेसायच्या नाहीत, पण द्यायच्याही जिवावर येतं, अशा. आम्ही त्या बांबूंना आडव्या बांधल्या. तोरणमाळच्या काकडीवर नारिंगी, कोथिंबिरीवर पोपटी, टोमॅटोवर जांभळी जरीची. वारा आला की सगळं शेत फडफडायचं, जत्रेतल्या पालांसारखं. गावातल्या बायका मुद्दाम त्या वाटेने यायच्या आणि एकेक साडी ओळखायच्या. ही भाचीच्या लग्नातली, ही त्यांच्याकडच्या डोहाळजेवणातली. कोणी किती हलकी साडी दिली होती, यावर विहिरीपाशी चर्चा रंगायच्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फुई आल्या. फुई म्हणजे आबांची थोरली बहीण, धानोऱ्याला दिलेली. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, गाणी म्हणतात. फुईंचं वय झोक्याचं राहिलेलं नाही, पण माहेरचा तोरा एका वर्षाने कमी झालेला नाही. त्यांना सगळे दबून असतात, आबा सगळ्यात जास्त. चहा झाल्यावर आबा मोठ्या हौसेने म्हणाले, चल, तुला आमची भाजी दाखवतो. विहिरीपाशी पोचलो आणि फुई काकडीच्या वाफ्यासमोर गचकन थांबल्या.

"हाई मन्ही साडी शे ना?"

नारिंगी साडी वाऱ्याने एकदा फुगली आणि बसली.

"मी तुले नेसाले दिन्ही व्हती," फुई आईंना म्हणाल्या, एकेक शब्द तोलून. "काकडीले नही!"

आबा विहिरीत डोकावून पाणी किती आहे ते बघायला लागले. आईंनी मात्र शांतपणे उत्तर दिलं, "बाई, काकडीले मन्हापेक्षा चांगली दिसस."

मला वाटलं, झालं, आता फुई आल्या पावली धानोऱ्याला परत. पण बाहेर ऊन असं होतं की भांडायलाही सावली हवी होती. फुई साडीखाली शिरल्या. आत नारिंगी उजेड आणि गारवा. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या. मी चटकन एक काकडी तोडून, तिथेच पाटाच्या पाण्यात धुऊन त्यांच्या हातात दिली. त्यांनी मोडली, खाल्ली. देठाकडून खाल्ली तरी कडू लागली नाही. दुसरी मागितली. ती खाऊन झाल्यावर वर साडीकडे बघत म्हणाल्या, ही इथे मागे का बांधलीय? रस्त्यावरून दिसत नाही. पुढे ती फिकट पोपटी कोणाची लावलीय?

त्या संध्याकाळी आम्ही साड्या पुन्हा सोडून पुन्हा बांधल्या. फुईंची नारिंगी रस्त्याकडे, सगळ्यात पुढे. फुई उभ्या राहून गाठी कुठे मारायच्या ते सांगत होत्या. परत जाताना म्हणाल्या, "मन्हा घर बी पेटी भरीसन पडेल शेतस." पावसाळ्याआधी त्यांनी खरंच साड्यांचं बोचकं पाठवलं.

त्याच वर्षी हिवाळ्यात सारंगखेड्याची यात्रा भरली. आबा यात्रा कधी चुकवत नाहीत. घोडे घ्यायचे नसतात, पण प्रत्येक घोड्याचे दात, खूर आणि चाल बघितल्याशिवाय त्यांचं मन भरत नाही. त्या वर्षी मात्र यात्रा उठायच्या सुमाराला ते मोटारसायकलऐवजी ट्रॅक्टर घेऊन गेले, मागे ट्रॉली. कोणाला काही सांगितलं नाही. गावात लगेच बातमी उठली की आबा घोडा आणणार. आईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. गोठ्यात जागा कुठे आहे, आणि या वयात घोड्यावर कोण बसणार?

दुपार कलता ट्रॅक्टर गावात शिरला. मागे पोरांचा घोळका, पोरांमागे दोन-चार मोठी माणसं. ट्रॉलीवर ताडपत्री बांधलेली. आबा ऐटीत उतरले, ताडपत्री सोडली, आणि सगळ्या गल्लीत तबेल्याचा वास पसरला.

"घोडा नही," आबांनी जाहीर केलं, "घोडानी लीद लई उनू!"

माणसं पांगली. आबा मात्र रंगात येऊन सांगत राहिले. घोडेवाले पालं काढत होते आणि मागे लीदेचे ढीग तसेच सोडून चालले होते. आबांनी एका व्यापाऱ्याला विचारलं तर त्याला वाटलं म्हातारा घोड्याचा भाव विचारतोय. लीद पाहिजे म्हटल्यावर तो म्हणाला, "बाबूजी, लोग यहाँ से घोड़ा ले जाते हैं!" मग त्याने आपल्या माणसांना लावून ट्रॉली भरूनही दिली. वांग्यांवरून मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात 'पिकाडी दाखाडा' म्हणणारा माणूस तो हाच का, असं माझ्या मनात आलं. आईंच्याही आलं असावं. पण त्या एवढंच म्हणाल्या की आधी अंघोळ करा, मग घरात या.

ताजी लीद गरम असते. आईंनी तिचा ढीग घातला, वर केळीची पानं झाकली, पाणी मारलं आणि बजावून सांगितलं की मुरल्याशिवाय हात लावायचा नाही. आबांना धीर कुठला? त्यांनी एका वाफ्यात चार पाट्या पसरल्या आणि वर मेथी पेरली. स्वतःच्या हाताने पेरलेली त्यांची ही पहिली भाजी. मेथी उगवली, पिवळी पडली आणि जळाली. आबा हिरमुसले. वाफा तसाच सोडला, पण पाणी मात्र सोडत राहिले, सवयीने. आणि मग त्याच वाफ्यातून जाड, केसाळ कोंब वर आले. रांगेत नाहीत, झुबक्याझुबक्याने. आम्ही तिघं वाकून बघत होतो. पानं फुटली तेव्हा आईंनी ओळखलं आणि त्या मटकन खाली बसून हसायलाच लागल्या.

"हरभरा! घोडानी खादा, आन् उगना आपला वावरमा!"

घोड्यांना भिजवलेला हरभरा घालतात. तोंडाला बांधलेल्या तोबऱ्यातून सांडलेला म्हणा, पोटातून तसाच बाहेर आलेला म्हणा, तो सगळा आमच्या वाफ्यात येऊन रुजला होता. आबा क्षणभर गोंधळले. मग त्यांनीही हसायला सुरुवात केली, आणि थांबले की आई पुन्हा सुरू करायच्या. नवरा कामावरून आला तेव्हा आम्ही तिघंही डोळे पुसत होतो. त्याला वाटलं काही तरी वाईट बातमी आहे.

हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडले आणि आईंनी त्याचा घोळाणा केला. कच्चा पाला, कांदा, शेंगदाणे, मिरची, तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. घोड्याच्या पोटातून आलेला हरभरा म्हणून नवरा आधी ताट सरकवत होता. आबांनी दोनदा वाढून घेतलं आणि मीठ कमी आहे असंही म्हणाले नाहीत.

आता या सगळ्याला काही वर्षं झाली. आमचं सगळं शेत बदललं असं मी म्हणणार नाही. केळीला आणि कपाशीला आजही औषध मारावं लागतं. आबा म्हणतात, तिथे मला अजून दुसरी वाट दिसलेली नाही. पण पहिल्यापेक्षा कमी मारतात, आणि कपाशी आणि भाजी यांच्यामध्ये ज्वारीच्या दाट ओळी उभ्या केल्यात. पांढरी माशी त्यात अडकते, वाराही अडतो. वांग्यात अळी अजून निघते. आई तेवढा भाग कापून गाईपुढे टाकतात आणि उरलेलं शिजवतात. दोन गुंठ्यांचे आता पाच झालेत. शहाद्याहून येणाऱ्या पिशवीत बटाटे आणि कधी कोबी एवढंच असतं.

सध्या घरात वाद आहे तो अळूवरून. आईंना न्हाणीच्या सांडपाण्यावर, मागच्या भिंतीलगत अळू लावायचंय. आबांचं म्हणणं, तिथे डास होतील, अळू विहिरीच्या पाटाला लावावं. दोघं सकाळपासून मला साक्षीदार धरून बोलतायत, आणि मी दोघांनाही हो म्हणतेय. आत्ताच आईंनी खुरपं उचललं आणि त्या मागच्या दाराने बाहेर पडल्या. आबा चपला शोधतायत. मलाही उठायला हवं, कंद माझ्याकडे ओल्या फडक्यात बांधून ठेवलेत.